उजेडावरची खुर्ची

सगळं मिळून चार सेकंदांचं काम. जोडीदार उठला, नेहमीसारखा बाजूला झाला, पण मोकळ्या हातानं झाला नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून तिला आपल्याबरोबर ओढत नेलं आणि उजव्या पायानं मागचं लाकडी स्टूल पुढे सरकवलं. स्टूल फरशीवर खर्रकन वाजलं. बेल्ट चालूच होता, बाटल्या चालल्याच होत्या. ज्याला सगळे दुर्बीण म्हणायचे तो दुसरा त्या स्टूलावर बसला. बसताना त्यानं जोडीदाराच्या तोंडाकडे पाहिलं नाही, जोडीदारानंही पाहिलं नाही. उजेडावर बसणाऱ्यानं बाटल्यांशिवाय दुसरीकडे बघायचं नसतं, तो नियमच आहे, आणि त्या दिवशी दोघांनाही तो नियम बरा सापडला. बसल्या बसल्या दुर्बिणीला एका बाटलीच्या मानेवर चीर दिसली. काढली. लगेच दुसरी दिसली. वीस मिनिटांत त्यानं चीर गेलेल्या म्हणून चौदा बाटल्या काढल्या आणि उठल्यावर बादच्या खोक्यात वाकून एकेक उचलून पाहिली. एकीलाही चीर नव्हती. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यानं हळूच मागे पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना. उजेडावर खुर्चीत बसलेल्या जोडीदाराची नजर काचेवरच होती.

काम तसं सोपं, म्हणजे सांगायला सोपं. कारखाना औषधाच्या बाटल्यांचा. पोरांच्या खोकल्याचं, तापाचं औषध भरतात त्या लहान बाटल्या. भट्टीतून निघून थंड झाल्या की एका ओळीत बेल्टवरून येतात, सेकंदाला दोन. बेल्टच्या मागे हातभर रुंदीची दुधी काच आणि तिच्यामागे दिवे. त्या जागेलाच सगळे उजेड म्हणतात. उजेडावर बसायचं, डोळे लावायचे, खोट दिसली की बाटली उचलून बादच्या खोक्यात टाकायची. कोणाच्या पोटात बुडबुडा असतो, कोणाच्या अंगात खडा, कोणाला चीर. सगळ्यात वाईट तो झोका. बाटलीच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत केसाएवढा काचेचा धागा ताणलेला राहतो, म्हणून झोका. बाहेरून बोट फिरवून कळत नाही. औषध भरताना धागा तुटतो आणि मग तो औषधातून कोणाच्या घशात जातो ते कोणी बोलत नाही. वर्षातून एखादा येतो. वीस मिनिटांच्या वर माणसाला हे बघवत नाही, डोळे बघतात पण दिसेनासं होतं, म्हणून एका उजेडाला दोन माणसं. वीस मिनिटं याची, वीस त्याची. वेळ झाली की दुसरा खांद्यावर दोन बोटं ठेवतो. पूर्वी एक डावीकडून निसटायचा, दुसरा उजवीकडून शिरायचा, दोघांच्याही नजरा काचेवर, मधे एक बाटली न बघता जायची नाही. आता खुर्ची मागे, स्टूल पुढे, चार सेकंद. सेकंदाला दोन म्हणजे आठ बाटल्या आंधळ्या जातात, दर पाळीपालटाला आठ. हे दुर्बिणीनं पहिल्याच दिवशी मोजलं आणि कोणालाच सांगितलं नाही. सांगायचं कोणाला आणि कशाच्या नावानं?

दुर्बीण हे नाव त्याला कारखान्यानंच दिलेलं. नजरच तशी होती. लोक पैज लावून त्याला फसवायला बघायचे, कोणी बाटलीच्या बुडाला थुंकीचा ठिपका लावून बेल्टवर सोडायचा, आणि हा गप्पांत असतानाही तीच उचलून ज्याची त्याच्या हातात द्यायचा. ‘हे घे, तुझी लाळ.’ जोडीदार त्याच्यानंतर दोन महिन्यांनी लागला. त्याला बुडबुडा आणि खडा यातला फरक कळत नव्हता, दुर्बिणीनं शिकवला. डोळे कसे मिटवायचे, पापणी कधी पाडायची, लांबचं झाड कशाला बघायचं, सगळं. पाचव्या वर्षी वरून एक यादी आली, त्या यादीत जोडीदार परमनंट झाला आणि दुर्बीण कंत्राटीच राहिला. का, ते कोणाला माहीत नव्हतं. यादी करणाऱ्यालाही नसावं. जोडीदारानं त्या दिवशी डोकं खाजवत सांगितलं, ‘पुढच्या यादीत तुझं येईल बघ, तुझं नाही आलं तर कोणाचं येणार?’ पुढची यादी आलीच नाही. पण त्याचंही दुर्बिणीनं फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. काम एक होतं, उजेड एक होता, स्टूल एक होतं. डबे एकत्र उघडायचे. बायको तर म्हणायची, ‘माझ्याशी कमी आणि त्याच्याशीच जास्त संसार केलात तुम्ही.’

मग खुर्च्या आल्या. कंपनीनं परमनंट लोकांची तपासणी केली, त्यात निम्म्यांच्या पाठी गेलेल्या निघाल्या. बैठका झाल्या, कागद हलले, आणि एका सकाळी टेंपोतून खुर्च्या उतरल्या. काळ्या, उंच पाठीच्या, कमरेला उशी, बाजूची दांडी ओढली की वरखाली होणाऱ्या. प्रत्येक परमनंटमागे एक, मागे त्याचा नंबर चिकटवलेला. कंत्राटी माणसांच्या पाठी कोणी तपासल्या नव्हत्या, त्यामुळे त्या दुखतात असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पहिले तीन दिवस जोडीदार उठायचा तो नुसताच उठायचा. ‘बस रे. तुझ्या बुडाला काय वेगळं हाड आहे?’ चौथ्या दिवशी सुपरवायझर आला. हा सारखा दातांतून शिट्टी घालत हिंडायचा, म्हणून पाठीमागे त्याचं नाव शिट्टी. तसा वाईट माणूस नव्हता. जोडीदाराला म्हणाला, ‘हे बघ, उद्या मोडली तर मी कोणाच्या नावावर टाकू? त्याचं नाव माझ्या वहीत नाही. तुझं आहे. परत दिसला तर तुझ्याच नावानं वर लिहावं लागेल.’ जोडीदार म्हणाला, ‘बरं साहेब.’ दुर्बीण तिथंच बसलेला होता, खुर्चीत. शिट्टी बोलत असताना त्यानं नजर काचेवरून हलवली नाही. पण त्याच्या पाठीला कळलं की ती टेकलेली आहे, आणि ती आपली आपणच पुढे आली.

आता हे बायकोला कसं सांगायचं? मला स्टूल दिलं? अकरा वर्षं स्टूलावरच तर बसत होता. स्टूल तेच, बूड तेच. आठवड्यापूर्वी ते दोघांचं होतं तेव्हा कधी टोचलं नाही, आणि आता त्याच्या कडा मांड्यांना अशा लागत होत्या की घरी आल्यावर तो चोरून बघायचा, वळ तर उठला नाही ना. वळबिळ काही नव्हता. एखाद्यानं कानाखाली मारली तर माणूस सांगू शकतो, बाबा, मारली. इथं कोणी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, पगार कापला नव्हता. चार सेकंद एक खुर्ची मागे गेली होती, बस. एवढीशी गोष्ट. आणि एवढीशी आहे म्हणूनच ती घशाखाली जात नव्हती आणि तोंडाबाहेरही येत नव्हती. मोठी असती तर चार माणसांत मांडता आली असती. संध्याकाळी बायको खिडकीशी मशीनवर शर्टाच्या कॉलरी शिवत बसायची, पोरगी अभ्यासाला बसायची, आणि हा पाणी प्यायला ग्लास घ्यायचा तो आधी दिव्यासमोर धरायचा. फिरवून बघायचा. मग पोरीचा ग्लास घ्यायचा, तोही धरायचा. ‘स्टीलच्या ग्लासात काय दिसतंय हो?’ बायकोनं एकदा विचारलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ग्लास स्टीलचा आहे. तो हसला, तीही हसली, पण तिनं मशीन थांबवली होती ती बराच वेळ पुन्हा चालू केली नाही.

त्याला त्याचा बाप आठवायला लागला. एरवी बाप कधी आठवायचा नाही. बाप एका ऑफिसात शिपाई होता. साहेबाच्या दाराबाहेर त्याचं बाकडं आणि आतून घंटी. घंटी वाजली की उठायचं. तीस वर्षं उठला. घरी एक जुनी वेताची खुर्ची होती, तिच्यात बाप बसायचा तो टोकावर, जणू आत्ता उठायचंच आहे, कोणाच्या तरी घरी दोन मिनिटांसाठी आलोय. आणि जेवताना कोणाचा चमचा ताटाला लागून टण्णकन वाजला की बाप अर्धा उठायचा. घास हातात, गुडघे सुटलेले, डोळे दाराकडे. मग भान यायचं आणि बसायचा. दुर्बीण सात-आठ वर्षांचा असेल, त्याला आणि बहिणीला ही मोठीच गंमत सापडली होती. मुद्दाम चमचा वाजवायचे. बाप उठायचा. खी खी खी. एकदा तर लागोपाठ पाच वेळा वाजवला आणि पाचही वेळा बाप उठला, आणि पाचव्यांदा तो बसला नाही, ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि तिथं उभ्यानं जेवला. आईनं दोघांना काही म्हटलं नाही. आता एवढ्या वर्षांनी, उजेडावरून उठून नळावर तोंड धुताना, दुर्बिणीला तो पाचवा चमचा ऐकू यायचा. बापाला काय झालं होतं? आजार होता? तेव्हा शेजारचे म्हणायचे, जरा भित्रा आहे हो स्वभाव. स्वभाव. म्हणजे आपला आपल्यालाच दोष. मग आपलाही स्वभावच असेल. आपणच हलक्या मनाचे, उगाच मनात धरून बसलोय.

बादची खोकी भरायला लागली. शिट्टी रोज संध्याकाळी ती मोजायचा. एरवी दिवसाला दीड खोकं, आता चार, साडेचार, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बाटल्या चांगल्या. ‘दुर्बिणीला बुरशी आली का रे?’ आधी त्यानं थट्टेत विचारलं. पुढच्या आठवड्यात थट्टा गेली. डोळे तपासायला पाठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरं वाचून घेतली, भिंग लावून आत पाहिलं आणि म्हणाला, ‘शाळेतल्या पोरासारखे डोळे आहेत तुमचे. कशाला आलात?’ दुर्बीण बाहेर आला. डोळ्यांत खोट निघाली असती तर किती बरं झालं असतं, चष्मा लावला असता. डोळे चांगले, म्हणजे खोट डोळ्यांच्या मागे.

कंपनीत दर गुरुवारी मनाच्या दुखण्यावर एक बाई यायच्या. परमनंट लोकांसाठी. शिट्टीनं भिडेखातर त्यालाही आत घुसवलं, म्हणाला, ‘नंबर विचारला तर तुझ्या जोडीदाराचा सांग.’ बाई चांगल्या होत्या. आवाज मऊ, घाई नाही. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि दोन्ही अगदी सारख्या. बाईंनी विचारलं, घरी काही ताण? नाही. झोप? लागते, म्हणजे लवकर मोडते. पोरगी, बायको, सगळं ठीक? सगळं ठीक. ‘आणि कामावर?’ आता सांगावं असं त्याला वाटलं. खुर्ची हा शब्द अगदी दातांपर्यंत आला. पण समोरच्या कागदावर जोडीदाराचा नंबर लिहिलेला होता. त्या नंबराखाली ही गोष्ट कशी लिहिणार? खुर्चीवाल्याच्याच नावावर, की याला खुर्ची नाही? तो म्हणाला, ‘कामावर काही नाही. मान दुखते थोडी.’ बाईंनी श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि म्हणाल्या, ‘आरामात बसा ना, टेकून बसा.’ तेव्हा त्यानं खाली पाहिलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला होता, टाचा वर उचललेल्या. बाप जसा बसायचा तसा. टेकायचा त्यानं प्रयत्न केला. जमलं नाही.

‘शेवटचं सांगतो,’ शिट्टी म्हणाला, ‘चांगला माल असा जाऊ लागला तर मला तुला ठेकेदाराकडे परत पाठवावं लागेल. मला बरं वाटणारे का?’ मग दुर्बिणीनं स्वतःला एक नवं काम शिकवलं. दिसलं तरी सोडायचं. चीर दिसली की मनात म्हणायचं, ही काचेत नाही, तुझ्यात आहे. आणि हात मांडीवर दाबून ठेवायचा. पहिले दोन दिवस हात आपोआप उठायचा, तो डाव्या हातानं धरायचा. मग जमलं. खोकी उतरली, दोनवर आली, दीडवर आली. शिट्टी शिट्टी घालत गेला. जोडीदार म्हणाला, ‘बरं वाटतंय ना आता?’ अलीकडे दोघांचं बोलणं एवढंच राहिलं होतं. बरं वाटतंय ना, हो, पाऊस येईलसं दिसतंय, हो. डबे एकत्रच उघडायचे, पण जोडीदार आपल्या डब्यातलं याच्या झाकणात वाढायचा तेव्हा जरा जास्तच वाढायचा, आणि दुर्बिणीला ते जास्तीचं नेमकं दिसायचं. एक-दोन दिवस जोडीदारानं खुर्ची कोपऱ्यात ठेवून आपण उभ्यानं काम केलं, कोणाला काही न बोलता. ते तर त्याहून वाईट होतं. तुझ्यासाठी उभा राहिलो, असं ते उभं राहणं होतं. दुर्बीण म्हणाला, ‘बस की बाबा, पाठ जाईल.’ जोडीदार बसला, चटकन, जणू कोणी सांगायचीच वाट बघत होता. आणि याच्या छातीत काहीतरी गरम झालं. पण तेही त्यानं सोडून दिलं. ही काचेत नाही, तुझ्यात आहे.

झोका आला तो मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. दुर्बीण स्टूलावर होता, दहा-बारा मिनिटं झाली होती. बाटल्या चालल्या होत्या आणि त्यातल्या एकीच्या पोटात, मधोमध, आडवा, उजेडाचा एक केस चमकला. सेकंदाचा अर्धा भाग. त्याचा हात उठला नाही. उठायला हवा होता, अकरा वर्षं उठत होता, पण गेल्या तीन आठवड्यांत तो इतका नीट शिकला होता की त्याला डाव्या हातानं धरावंसुद्धा लागलं नाही. बाटली काचेच्या कडेला गेली, वळणावर वळली आणि पुढे बायका खोक्यांत भरत होत्या तिकडे निघून गेली. उरलेली आठ मिनिटं तो बघत राहिला, पण डोळ्यांसमोर तोच एक केस. खांद्यावर दोन बोटं पडली. खुर्ची पुढे, स्टूल मागे. तो नळावर गेला, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. होता की नव्हता? एवढ्या चिरा दिसल्या आणि एकही नव्हती. हाही नसेल. गोळ्या घेतोस, तुझं डोकं ठिकाणावर नाही, हे तर लिहूनच दिलंय. पण असला तर? एखादी आई चमच्यात औषध ओतते, पोरगं तोंड वाकडं करतं, ती म्हणते एकच चमचा, शहाणं माझं. त्याला स्वतःच्या पोरीचा आ केलेला घसा दिसला, लाल, पडजिभेपर्यंत. त्यानं नळ बंद केला. आणि सांगितलं तर? सगळी भरलेली खोकी फोडायला लागतील, शिफ्ट अडकेल, आणि काही निघालं नाही तर संपलं. ठेकेदार. आणि त्याहून वाईट म्हणजे मग ते पक्कं झालं, सगळ्यांसमोर, की याला नाही ते दिसतं. बेल्ट थांबवायचं लाल बटण उजेडाच्या बाजूलाच होतं, हातभर अंतरावर, आणि वर पत्र्यावर लिहिलं होतं, फक्त कायम कामगारांनी दाबावे.

तो परत आला आणि जोडीदाराच्या मागे उभा राहिला. ‘एक झोका गेला,’ तो म्हणाला.

जोडीदाराची नजर काचेवरच होती. ‘कधी?’

‘माझ्या पाळीत. वीस मिनिटं झाली असतील.’

‘आणि काढला नाहीस?’

‘नाही.’

‘नक्की होता?’

आता हो म्हणायला हवं होतं. दुर्बिणीनं तोंड उघडलं आणि जे खरं होतं तेच निघालं. ‘माहीत नाही. मला आता माहीत नसतं.’

 एक बुडबुड्याची बाटली आली, ती जोडीदारानं काढली. मग हात लांब करून लाल बटण दाबलं.

बेल्ट थांबला की कारखान्यात कसं होतं ते तिथं काम करणाऱ्यांनाच माहीत. रोजचा आवाज इतका अंगात मुरलेला असतो की तो थांबल्यावर कानात दुखतं. शिट्टी पळत आला. काय झालं, कोणी दाबलं? ‘मी,’ जोडीदार म्हणाला. ‘झोका आहे. वीस-पंचवीस मिनिटांतली खोकी फोडावी लागतील.’ शिट्टीनं एकदा दुर्बिणीकडे पाहिलं, एकदा जोडीदाराकडे, आणि त्याला काय ते कळलं. ‘याला दिसला? याला?’ ‘फोडावी लागतील,’ जोडीदार पुन्हा म्हणाला. सोळा खोकी खाली घेतली. भरणाऱ्या बायका हात पुसत आल्या. त्यातली थोराड होती ती म्हणाली, ‘भरा आणि फोडा, फोडा आणि भरा. घरीही हेच, इथंही हेच.’ दोघं फरशीवर बसले, मांड्या घालून, उजेडाच्या दिव्यांसमोर, आणि एकेक बाटली उचलून बघायला लागले. जोडीदार डावीकडची, हा उजवीकडची. चार खोकी झाली. सात झाली. शिट्टी मागे येरझाऱ्या घालत होता आणि त्याला शिट्टीसुद्धा सुचत नव्हती. नवव्या खोक्यापर्यंत दुर्बिणीच्या मनात एक विचित्र शांती उतरली होती. नाहीच निघणार. निघू नये. नाही निघाला तर कोणाचंच पोर धोक्यात नाही, जग सरळ आहे, जोडीदार चांगला आहे, शिट्टी चांगला आहे, खुर्ची ही नुसती खुर्ची आहे, आणि मी तेवढा बिघडलोय. बिघडलेल्या माणसाला काहीतरी उपाय असतो. जोडीदाराचा हात थांबला. त्यानं एक बाटली दिव्यासमोर धरली, फिरवली, पुन्हा फिरवली, आणि काही न बोलता याच्या हातात दिली.

होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सरळ, कोळ्याच्या एका धाग्यासारखा.

शिट्टीनं बाटली घेतली, पाहिली, कपाळावरचा घाम पुसला. ‘वाचलो,’ तो म्हणाला. मग वही काढली. ‘बटण कोणी दाबलं, तू ना?’ त्यानं जोडीदाराचा नंबर लिहिला. जोडीदार म्हणाला, ‘दिसला याला.’ ‘हो हो, दोघांनी मिळूनच,’ शिट्टी म्हणाला. ‘पण वहीत रकाना एकच आहे ना.’ बायका खोकी परत भरायला लागल्या. थोराड बाईनं जाता जाता दुर्बिणीच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांना बरं वाटलं होतं. दुर्बिणीला मात्र नव्हतं. तो फरशीवरून उठलाच नाही. झोका होता. म्हणजे डोळे ठीक होते आणि डोळ्यांमागचंही ठीक होतं. मग ज्या चिरा काचेत नव्हत्या त्या कुठे होत्या? कुठेतरी होत्या, इतक्या ठळक दिसत होत्या. शिट्टीनं मोकळेपणानं सांगितलेला दुसऱ्याचा नंबर. डब्याच्या झाकणातलं जास्तीचं वाढप. बस म्हटल्यावर चटकन बसलेला माणूस. एकेक करून सगळं समोरून गेलं आणि या वेळी त्यानं मनात म्हणून पाहिलं, ही तुझ्यात आहे, तर ते म्हणणं लागूच पडेना. आणि बाप भित्रा नव्हता. आत खरोखरच एक घंटी होती, तीस वर्षं, आणि ती वाजवणारा हात होता. आपण पोरांनी चमचे वाजवले तेवढे त्या हाताच्या बाजूनं वाजवले.

बेल्ट सुरू झाला. पाळी जोडीदाराची राहिली होती, तो खुर्चीत बसला. दुर्बीण उठून त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. समोर पाठ होती, त्यामुळे बोलणं सोपं होतं.

‘मला तुझा राग येतो,’ तो म्हणाला.

जोडीदारानं मान हलवली नाही. ‘माहितीये.’

‘शिट्टीचा येत नाही एवढा.’

‘माहितीये म्हटलं ना.’

‘खुर्ची तू ओढलीस. आपल्या हातानं. आणि स्टूल पायानं सरकवलंस.’

एक बाटली, दुसरी बाटली, पन्नास बाटल्या गेल्या. मग जोडीदार म्हणाला, ‘तुला खरं सांगू? ऐकवेल?’

‘सांग.’

‘ओढली तेव्हा मला बरं वाटलं. पाठीला नाही रे. माझी आहे म्हणून ओढतोय, याचं बरं वाटलं. तुझ्यासमोर.’ एक बाटली त्यानं बादच्या खोक्यात टाकली. ‘तू मला हे काम शिकवलंस आणि मला तुझ्यासमोर बरं वाटलं. घरी जाऊन जेवलो नाही मी. बायको विचारते काय झालं. काय सांगू?’

‘एवढीशी गोष्ट,’ दुर्बीण म्हणाला.

‘तेच ना.’

 दुर्बिणीचा राग गेला नव्हता, उलट त्याला आता नीट आकार आला होता, हातात धरता येईल असा. पण कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण बोललो ते दुसऱ्या माणसापर्यंत पोचलं आणि तिथं त्याला जागा मिळाली. वीस मिनिटं झाली. त्यानं जोडीदाराच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. जोडीदार उठला. त्याचे हात सवयीनं खुर्चीच्या पाठीवर गेले आणि तिथंच राहिले. ओढवेना आणि सोडवेना. पलीकडे वही घेऊन शिट्टी उभा होता आणि इकडेच बघत होता. सोडली तर जोडीदाराच्या नावानं कागद वर जाणार, हे तिघांनाही माहीत होतं.

‘ओढ,’ दुर्बीण म्हणाला. ‘कागद नको व्हायला. पण माझ्याकडे बघून ओढ.’

‘बाटल्या चालल्यात.’

‘मग थांबव.’

जोडीदारानं बटण दाबलं. सगळा आवाज खाली बसला. शिट्टी ओरडला, ‘आता काय?’  जोडीदारानं मान वर केली आणि अकरा वर्षं शेजारी असलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि बघता बघता खुर्ची ओढली, सावकाश, दोन्ही हातांनी. डोळे भरून आले तरी खाली घातले नाहीत. मग वाकून स्टूल हातानं उचललं आणि पुढे ठेवलं. दुर्बिणीनंही नजर काढली नाही. स्टूलाचा शेवटचा पाय फरशीला टेकेपर्यंत सगळं पाहिलं. मग तो बसला, काचेकडे वळला.

‘कर सुरू,’ तो म्हणाला.